मदत हवी आहे : पखवाजाची शाई उडाली, सूर लागेना

रामकृष्णहरी मंडळी. आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात. सप्ताह तोंडावर आलाय आणि भजनी मंडळाच्या पखवाजाच्या उजव्या पुडीवरची (तोंडावरच्या कातड्यावरची) शाई, म्हणजे काळा लेप, तडकून मधोमध टवका निघालाय. ताण जुळवायचे लाकडी गठ्ठे ठोकून पाहिले, चामड्याच्या वाद्या ओढल्या, तरी पेटीशी जुळेना. खुली थाप मारली की दोन-तीन सूर एकमेकांत भांडल्यासारखे येतात.

नुसत्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे सूर मूळ सुराच्या पटीत नसतात. शाईच्या वजनाने ते जवळपास पटीत बसतात आणि एकच स्वच्छ सूर ऐकू येतो, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे मांडलं होतं. डाव्या बाजूची कणीक सूर खाली उतरवते, घुमारा देते. ती रोज ताजी लावता येते, शाईचं तसं नाही ना!

तर जाणकारांनी सांगावं, टवक्याच्या जागी तेवढीच शाई भरली तर धरेल का? की सगळी खरवडून थरावर थर घोटावे लागतील? वजन कमी-जास्त झालं तर आवाज कायमचा बिघडेल, ही धास्ती आहे. पुडी जुनी, पण फार गोड बोलायची, म्हणून बदलायला मन होत नाही. परळी, लातूर, नांदेडकडे हात बसलेला कारागीर माहीत असेल तर कृपया कळवा. पखवाज घेऊन लगेच निघतो.