त्या किल्ल्याच्या चित्रात तुम्हांला आधी काय दिसले? (अनुभव धागा)

आमच्या मंडळाच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी एका तरुण चित्रकाराने काढलेले मुखपृष्ठ महिनाभर बेळगावातील एका वाचनालयाच्या भिंतीवर लावलेले आहे. तिन्हीसांजेच्या उजेडातला एक काल्पनिक डोंगरी किल्ला, त्याच्या चौकाभोवती फिरणारा जिना, दरवाजावर गंडभेरुंड या दोन तोंडांच्या काल्पनिक पक्ष्याचे शिल्प आणि वर पक्ष्यांचा थवा, एवढे तर सर्वांनाच दिसते. त्यापुढे मात्र एकाचे म्हणणे दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून विनंती अशी होती की, शेजारच्याचे ऐकून ‘मलाही दिसले’ म्हणण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्याला काय दिसले ते लिहून द्यावे, आणि काहीच दिसले नसल्यास तेही लिहावे.

गवंडीकाम, अनगोळ
माझी नजर आधी जिन्यावर गेली. चार बाजूंना नऊ-नऊ अशा ३६ पायऱ्या आहेत. पायरीला सहा इंच धरले, तरी एका फेरीत माणूस १८ फूट वर जायला हवा. इथे तो पुन्हा पहिल्याच पायरीवर येतो. चूक कोठे आहे ते शोधण्यात माझा अर्धा तास गेला. प्रत्येक कोपरा वेगळा पाहिला तर बरोबर आहे, बांधकामही करता येईल. चारही एकत्र पाहिले की हिशेब बसत नाही.

(संयोजक: लायोनेल आणि रॉजर पेनरोज या पिता-पुत्रांनी असा अशक्य जिना १९५८ मध्ये प्रसिद्ध केला आणि डच चित्रकार एशर यांनी १९६० मध्ये त्यावर शिळाछाप चित्र काढले. आमच्या चित्रकाराने ही उसनवारी मोकळेपणाने मान्य केली आहे.)

विणकर, वडगाव
पक्ष्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मासे आहेत, हे मला क्षणात दिसले. यात माझी हुशारी नाही. साडीच्या उलट्या बाजूला नक्षी आणि तिच्यामागची जमीन यांची अदलाबदल झालेली मी रोजच पाहतो. पण पक्षी आणि मासे एकाच वेळी पाहण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ते काही जमले नाही. एक पुढे आले की दुसरे मागे सरते.

कौलांचा व्यवसाय, खानापूर
कोणीतरी चित्र उलटे धरले होते, तेव्हा उठावाचे वाटणारे गंडभेरुंड एकदम साच्यासारखे खोलगट दिसू लागले. आमच्याकडे नवखे कामगार साच्याचा फोटो पाहून असेच फसतात. उजेड वरूनच येणार असे डोळा गृहीत धरतो आणि सावलीची बाजू बदलली की खड्ड्याचा उंचवटा होतो. हे कारण माहीत असूनही मी दुसऱ्यांदा फसलोच.

निवृत्त शिक्षिका, निपाणी
माझ्या कन्नड शेजारणीचा चार वर्षांचा नातू चित्राकडे बोट दाखवून ‘अज्जा, अज्जा’ म्हणू लागला. अज्जा म्हणजे आजोबा, हे आमच्या भागात दोन्ही भाषांत कळते. त्यामुळे आम्ही दोघी वळून त्याचे आजोबा आले की काय ते पाहू लागलो. पुष्कळ वेळाने उमगले की कडा हे कपाळ, दोन गुहा हे डोळे आणि धबधबा ही दाढी आहे. मी ३० वर्षे मुलांना ‘नीट बघा’ असे सांगत आले, आणि ते भलेमोठे तोंड मला एका बालकाने दाखवावे लागले! आता मात्र तो कडा नुसता कडा म्हणून पाहू म्हटले, तरी दिसत नाही.

निवृत्त पोस्टमन, चिकोडी
मला आजोबा दिसत नाहीत. चष्म्याचा नंबर नुकताच बदललेला आहे, तेव्हा दोष नजरेचा नसावा. दोघांनी बोटाने रेषा काढून दाखवली, आणि मागे माणसे खोळंबली असल्यामुळे मी ‘हो, दिसले’ असे दोनदा खोटे सांगितले, ते येथे मागे घेतो. मात्र डावीकडच्या बुरुजावर पंख मिटून बसलेली घार मला पहिल्या दिवसापासून दिसते आणि तिच्याविषयी अजून कोणीही लिहिलेले नाही. ती आणखी कोणाला दिसली असल्यास कृपया कळवावे.