डेनट्रीच्या जंगलात गाडी आणि तंबू: तुमची फजिती सांगा

मंडळी, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या डेनट्रीत आठवडाभर गाडी आणि तंबू घेऊन भटकून आलो, अजून डोक्यातनं जात नाहीये, म्हणून विचारते, तुमचे ब्लूमफील्ड ट्रॅकचे, म्हणजे तिथल्या जंगलातल्या कच्च्या रस्त्याचे, किस्से येऊ द्यात, फजितीचे आधी. सुरुवात मीच करते. केप ट्रिब्युलेशनची वस्ती सोडली की डांबर संपतं आणि थोड्याच वेळात एमॅजन क्रीक नावाचा ओढा आडवा येतो. एरवी आपण काय करतो, चपला काढून पाण्यात उतरतो आणि खोली बघतो. इथे काठावर मगरीची पिवळी पाटी! मग बसलो अर्धा तास, दुसरी गाडी यायची वाट बघत. एक आजी-आजोबा आले, हात हलवला आणि गेले की पार. पाणी त्यांच्या चाकाच्या मधल्या नटांपर्यंत आलं एवढं मी डोळे फाडून बघून घेतलं आणि नवऱ्याला म्हटलं, चल आता. फोर-व्हील गाडीची लो रेंज (हळू पण जोरात ओढणारे गिअर) टाकलेली, मधे गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. पलीकडे गेल्यावर कळलं की मी श्वासच घेतला नव्हता.

ताई, तुम्हाला नट दिसले तरी. आम्ही रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी तिथेच पोचलो, पाणी दुधाच्या चहासारखं, तळ दिसेना. गाडी भाड्याची, करारात स्पष्ट लिहिलेलं की पाण्यात घातली तर इन्शुरन्स नाही. आलो परत. मुलं अजून भित्रा म्हणतात, म्हणू देत.

उताराचं कोणीच कसं बोलत नाही? त्याच ट्रॅकवरच्या डोनोव्हन रेंजच्या डोंगरउताराला मी शहाण्यासारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरलो, खाली येईपर्यंत जळका वास. लो रेंजच्या पहिल्या गिअरला गाडी इंजिनवर सोडायची असते हे बायकोने चढायच्या आधीच सांगितलेलं, असो.

आम्ही २०१९ ला नोआ बीचला तंबू टाकला होता. शेकोटीला बंदी, त्यामुळे गॅसवर मॅगी. समोर समुद्र, पण पाय घालायची सोय नाही, नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश आणि मगरी तर बारा महिने. चौथ्या दिवशी उशीसुद्धा ओली. आणि ती वेट-अ-व्हाइल नावाची वेताची वेल, शर्टात आकडे अडकले की ओढून सुटत नाही, उलट रुततात, एक पाऊल मागे यावं लागतं. माझी बाही तिथेच राहिली.

हा ब्लूमफील्डचा रस्ता काढला तेव्हा १९८३ मध्ये बुलडोझर अडवायला लोकांनी स्वतःला मातीत गळ्यापर्यंत गाडून घेतलं होतं, माहितीये ना? रस्ता झालाच, पण १९८८ ला जंगल जागतिक वारशात आलं. तिथे गाडी चालवताना मला जरा अपराधी वाटलं, खोटं कशाला बोला.

कॅसोवरी, तो न उडणारा मोठा पक्षी, कोणाला दिसला? आमच्या टेबलापाशी आला होता, माणसाएवढा, निळी मान. पळायचं नाही म्हणतात, म्हणून मी खुर्ची पुढे धरून उलट्या पावलांनी गाडीत. त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पडलेली जांभळी फळं गिळत निघून गेला.