एलपीच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ का चरचरतो?

प्रश्न

वडिलांच्या संग्रहातल्या नाट्यसंगीताच्या एलपी (मोठ्या तबकड्या) मी अलीकडे पुन्हा ऐकू लागलो आहे. प्रत्येक बाजूचे पहिले पद स्वच्छ वाजते; परंतु सुई लेबलाजवळ आली की गायिकेच्या तोंडचे ‘स’ आणि ‘श’ तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसे चरचरतात. ट्रेबल कमी केला, तर झांजा बोथट होतात आणि चरचर तेवढी उरते. दोष ध्वनिमुद्रणाचा आहे की माझ्या प्लेअरचा?

उत्तर १

पहिले पद स्वच्छ वाजते, यातच निम्मे उत्तर आहे. तबकडीचे फेरे सारख्याच वेगाने होतात, पण आत जाताना घेर लहान होतो. त्यामुळे कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर चर (ध्वनी कोरलेली खाच) सुईखालून सरकतो, तर लेबलाजवळ जेमतेम २१. ‘स’चा जोर मुख्यतः ५ ते ८ हजार हर्ट्झमध्ये असतो. ७ हजार हर्ट्झची जी लाट कडेला सुमारे ७३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब पसरते, तीच आत ३० मायक्रॉनमध्ये कोंबावी लागते, आणि साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १८ मायक्रॉनच्या आसपास असल्याने ती त्या वळणांत नीट शिरत नाही. लंबवर्तुळाकार टोकाची सुई घ्यावी. तिच्या कडा याहून बऱ्याच बारीक असतात.

उत्तर २

सुई विकत घेण्याआधी कार्ट्रिज (दांडीच्या टोकाचा, सुई धरणारा भाग) नीट बसले आहे का, ते कागदी प्रोट्रॅक्टर (सुईची जागा व कोन तपासण्याचा आखलेला तक्ता) ठेवून पाहावे. एकदोन मिलिमीटरची चूकही ‘स’मध्ये ऐकू येते. सुईचा दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, पण वरच्या टोकाकडे ठेवावा. हलक्या दाबाने तबकडी जपली जाते हा समज चुकीचा आहे, कारण उडणारी सुईच चर अधिक खरवडते. चरचर फक्त उजव्या स्पीकरमधून येत असेल, तर अँटी-स्केटिंग (दांडीच्या आत ओढले जाण्याला विरोध करणारी योजना) थोडे वाढवून पाहावे.

प्रश्नकर्ता

प्रोट्रॅक्टरवर कार्ट्रिज सुमारे 3 मिलिमीटर मागे बसलेले आढळले. ते पुढे घेतल्यावर बहुतेक तबकड्यांतला ‘स’ निवळला. एकीवर मात्र त्याच पदात, त्याच शब्दावर चरचर कायम आहे.

उत्तर २

ती तबकडी पूर्वी झिजलेल्या सुईने वारंवार वाजवली गेली असावी. तिथे चराची भिंतच खरवडली गेली असेल, तर कोणतीही नवी सुई ती भरून काढणार नाही. ते पद घरी आवडीचे होते का?