घरात लाइटखाली लावलेल्या मिरचीची पानं पिवळी पडायलीत, कोणी सांगेल का काय झालंय

नवशिका लातूरकर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलो, चुकलं तर सांभाळून घ्या. लातूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, बाल्कनी पश्चिमेला, मे महिन्यात दुपारी तिथं पापड ठेवला तर भाजून निघावा, म्हणून मागच्या खोलीत ग्रो लाइट लावून ज्वाला मिरचीची सहा रोपं आणि टोमॅटोची दोन लावलीत. बॅग ९ इंची, त्यात कोकोपीट, गांडूळखत आणि गावाकडून आणलेली काळी माती, तिन्ही सारख्या मापानं. रोपं दोन महिन्यांची, एकदम झकास चालली होती अन् गेल्या बारा-पंधरा दिवसांत पिवळी पडायलीत.

आतापर्यंत काय काय केलं तर आधी १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं खत) दिलं, चार दिवसांनी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ, मग व्हिडिओ बघून केळीच्या सालीचं पाणी, त्याचा असा वास सुटला की बायकोनं बाटलीच फेकून दिली. पाणी रोज सकाळी प्रत्येकाला एक तांब्या. आणि हो, लाइट जांभळट गुलाबी आहे, रात्री खिडकीतून दिसतो, तर खालचे काका परवा जिन्यात हळूच विचारायले, काय हो, गांजा-बिंजा तर लावला नाही ना. त्यांना वर बोलावून मिरची दाखवली तर म्हणले ही पण आजारीच दिसायली की.

रानपाखरू
नत्र कमी पडलंय दुसरं काही नाही. चमचाभर युरिया टाका अन् पाणी सोडा, आठ दिवसांत काळीभोर होतेत.

गच्चीवरची बाग, नांदेड
दादा थांबा, युरिया अजिबात टाकू नका. त्यात ४६ टक्के नत्र असतंय, ते एकरानं टाकायचं खत आहे, ९ इंची बॅगेत चमचाभर म्हणजे मुळ्याच जळतील. आणि तुम्ही पंधरा दिवसांत तीन औषधं दिली, आता चौथं कुठल्या रोगावर द्यायचं तेच कळणार नाही. माझी पहिल्या वर्षी अकरा रोपं अशीच मेली, उपचारानं मेली, रोगानं नाही.

आधी सांगा, पिवळं कुठून सुरू झालं? खालून का शेंड्याकडून? सगळं त्यातच आहे. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून कोवळ्याला पुरवतं, दुष्काळात आजी आपल्या ताटातली भाकरी नातवाकडं सरकवती ना तसं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात, ती पण सगळी एकसारखी, शिरांसकट. मॅग्नेशियम पण खालूनच, पण त्यात शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी पडते. लोह मात्र एकदा पानात गेलं की तिथून हलत नाही, त्यामुळं लोह कमी पडलं तर नवीन पानालाच मिळत नाही आणि शेंडा पिवळा पडतो. अगदी खालची पहिली दोन पानं, बी फुटून आलेली, ती पिवळी होऊन गळणारच, ती मोजू नका.

पान उलटं करून मागून पण बघा. आणि पाणी कुठलं देता?

नवशिका लातूरकर
ताई, मोबाइलची टॉर्च लावून बसलो अर्धा तास. मिरचीचं पिवळं शेंड्याकडंच आहे. वरची चार-पाच पानं पिवळी अन् शिरा हिरव्यागार, बारीक बारीक सगळ्या, पानावर हिरव्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखं दिसतंय. सगळ्यात वरचं बोटाच्या पेराएवढं पान तर पांढुरकंच आहे. खालची पानं हिरवी. टोमॅटोचं वेगळंच, त्याच्या खालच्या दोन पानांवर सुईनं टोचल्यासारखे फिके ठिपके.

पाण्याचं सांगायला लाज वाटायली. आरओ मशीनमधून जे वाया जातं ते बादलीत धरून तेच घालतो. ओ, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेलं आमचं गाव, नळीतून पाणी वाया जाताना बघवत नाही. बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरा थर धरतो हे खरं.

औशाचा ऊसवाला
अहो हा तर केवडा! ऊस असा पिवळा पडला की आम्ही केवडाच म्हणतो. चुनखडीच्या रानात, खास करून खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाला, दरसाल थोडाफार असतोच. गंमत अशी की जमिनीत लोह नाही असं नसतं, आपली काळी माती कातळाचीच झालेली, लोह भरपूर आहे. पण चुना जास्त, पीएच (आंबट-खारेपणाचं माप, ७ च्या वर खारं) ८ च्या आसपास, त्यात लोह असं बसतं की मुळीला उचलता येत नाही. ताटात वाढलंय पण हात बांधलेत.

खात्री करायची तर त्या गावाकडच्या मातीचं एक ढेकूळ बशीत घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुना आहे. आमच्या रानातली तर सोडावॉटरसारखी फसफसते.

साधं फेरस सल्फेट मातीत टाकून फार उपयोग नाही, अशा मातीत ते पण अडकून बसतं, आम्ही टाकतो ते शेणखतात मुरवून. तुमच्या आठ रोपांना चिलेटेड लोह बघा, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात धरून ठेवलेलं लोह. दुकानात ईडीटीए म्हणून जे स्वस्तात मिळतं ते फवारायला चांगलं, लिटरला अर्धा ग्रॅम, पण मातीत ते पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए लिहिलेलं मागा, महाग आहे पण ९ पर्यंत टिकतं, पाण्यात टाकलं की डाळिंबाच्या रसासारखा लाल रंग येतो. दुकानदार म्हणेल दोन्ही सारखंच. सारखं नाही.

गच्चीवरची बाग, नांदेड
ऊसवाल्या दादांचं बरोबर आहे, पण दादा लोह फवारून शेंडा हिरवा होईल आणि बादली तीच राहिली तर महिन्यानं परत इथंच याल. आरओ मशीन काय करतं, तुमच्यासाठी गोड पाणी बाजूला काढतं आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं. म्हणजे बोअरच्या पाण्यापेक्षा ते पाणी खारट, आणि ते तुम्ही दोन महिने रोज एका बंद पिशवीत ओतलंय. रानात पावसानं क्षार धुऊन जातात, पिशवीतून कुठं जाणार. बॅगेच्या काठाला पांढरी खपली धरली असेल बघा. टीडीएस मीटर कोणाकडून आणता आला तर मोजा, पण मीटर फक्त एकूण क्षार सांगतं, त्यात पीएच वाढवणारे बायकार्बोनेट किती ते कळत नाही.

कूलरच्या टाकीतलं पण घालू नका, पाणी उडून जातं अन् क्षार मागं राहतात. कोणाकडं एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी आणा, ते चांगलं.

आणि रोज एक तांब्या कशाला? खोलीत वारा नाही, ऊन नाही, काळी माती आधीच चिकट, मुळ्यांना हवाच नाही. मूळ गुदमरलं की त्याला लोहच काय काहीच ओढता येत नाही. रानात वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीची ओल उतरल्याशिवाय, आपण कोळपं घालतो का? तसंच, बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. बॅग उचलून बघायची सवय लावा, चार दिवसांत हाताला वजन कळायला लागतं.

टोमॅटोचे ठिपके म्हणजे मला लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड, वाटतोय. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, पडलेले ठिपके चालायला लागले तर तेच. पान खालून पाण्याच्या जोरानं धुवा, तीन-तीन दिवसांनी, बाथरूममध्ये नेऊन. लोहाची फवारणी त्याला काही करणार नाही.

वायरमन परभणीकर
एक माझं पण. लाइट किती उंचीवर आहे? फार खाली असेल तर दिव्याखालचंच पान पांढरं पडतं, आपण लोह लोह करत बसतो. फरक असा की उजेडानं उडालेल्या पानात शिरा पण फिक्या पडतात. अन् १२-१४ तासांचा टायमर लावा, काकांची पण झोप होईल.

नवशिका लातूरकर
लाइट दीड फुटावर आहे, शिरा हिरव्याच, म्हणजे तो नाही. मीटर मित्राच्या दुकानातून आणलं, बोअरचं ८४०, आरओच्या बादलीचं ११९०. बघून गप्पच बसलो. माती बशीत फसफसली. कागदावर टिचकी मारली तर चार लाल ठिपके चक्क पळाले, बायको ओरडली.

नवशिका लातूरकर
तीन आठवड्यांनी सांगायलो. बॅगा प्यायच्या पाण्यानं दोनदा खालून निथळेपर्यंत धुतल्या, जीवावर आलं होतं पण धुतल्या. ईडीटीए दोनदा फवारलं, संध्याकाळी लाइट बंद केल्यावर. पाचव्या-सहाव्या दिवशी वरच्या पानांत शिरांच्या बाजूनं हिरवं पसरायला लागलं, पांढुरकं पान मात्र टोकाला करपून गेलं. त्यानंतर आलेली पानं स्वच्छ हिरवी. एक रोप मेलं, उपटून बघितलं तर मुळ्या तपकिरी अन् मऊ, वास येत होता, ते पाण्यानंच गेलं असणार. टोमॅटो अजून धुवायलोच.

मृगाचा पाऊस परवा झाला, गच्चीच्या पन्हाळीखाली चार बादल्या लावून ठेवल्यात, मीटर टाकलं तर ३० च्या आत. आरओची बादली आता फरशी पुसायला. दोन मिरच्यांना कळी दिसायली, काकांनी आधीच सांगून ठेवलंय पहिला ठेचा आमच्याकडं.