एचओ प्रमाणात भोर घाट: दहा बाय आठच्या खोलीत चढ, वळण आणि बँकर कसे बसवावेत?

घाटपायथा:

नमस्कार मंडळी. घरातली दहा फूट बाय आठ फुटांची खोली माझ्या रुळांसाठी मोकळी झाली असून तिच्यात कर्जत-लोणावळा घाटाचा एखादा तुकडा एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, उभा करण्याचा विचार आहे. संपूर्ण घाट मावणार नाही हे उघड आहे. सुमारे २८ किलोमीटरच्या अंतराला ८७ने भागले तरी तीनशे मीटरांहून अधिक रूळ लागतात आणि साडेपाचशे मीटरांची चढण सहा मीटरांच्या वर जाते, म्हणजे लोणावळा स्टेशन वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात काढावे लागेल.

माझ्या शंका तीन आहेत. पहिली अशी की घाटातला ३७ला १ हा चढ मी चाचणीच्या फळीवर २४ इंच त्रिज्येच्या वळणासह तंतोतंत घातला, परंतु सपाटीवर आठ एलएचबी (नव्या धाटणीचे लांब) डबे सहज ओढणारे इंजिन तेथे पाच डब्यांनाच दमते आणि त्याची चाके जागच्या जागी फिरू लागतात. दुसरी शंका म्हणजे १६.५ मिलिमीटरचा रूळ आपल्या रुंद डब्यांखाली फारच अरुंद दिसतो, त्याला उपाय काय? आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: मागे बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारे जादा इंजिन, लावला की वळणावर मधले डबे रुळांवरून उतरतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सांधेवाला:

आपण चढ बरोबर मोजला आहे, परंतु वळणाचा चढ त्यात धरलेला नाही. वळणावर चाकांची कड रुळाला घासते आणि तेवढा ओढ वाढतो. म्हणूनच खऱ्या रेल्वेतही वळणावर चढ मुद्दाम कमी ठेवतात. आपल्याकडे ब्रॉडगेजवर वळणाच्या दर अंशामागे ०.०४ टक्के इतकी ही सूट असते. मॉडेलमध्ये तर वळणे फारच आवळलेली असतात. आपली २४ इंचांची त्रिज्या ८७ पटींनी वाढवली तर जेमतेम ५३ मीटर भरते, आणि भारतीय ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण घालत नाहीत. मॉडेलवाले एक ढोबळ हिशेब वापरतात: ३२ला इंचांतील त्रिज्येने भागले की वळणामुळे किती टक्के चढ वाढल्यासारखा होतो ते कळते. आपल्या वळणावर हा आकडा सुमारे १.३ येतो. त्यात आपले २.७ टक्के मिळवले की इंजिनाला प्रत्यक्षात २५ला १ असा चढ चढावा लागतो, आणि तो कोणालाही दमवील.

तेव्हा सरळ भागात २.७ टक्के खुशाल ठेवावेत, मात्र वळणावर चढ १.४ टक्क्यांवर आणावा. मग संपूर्ण मार्गावर इंजिनाला ओढ जवळजवळ सारखाच जाणवेल. सपाटीवरून चढाला लागताना पहिल्या फूटभरात चढ हळूहळू वाढवावा, नाहीतर लांब डब्यांचे कपलर (जोडणारे आकडे) तेथेच वर-खाली सरकून सुटतात.

बार्शीलाइट:

रुळाच्या रुंदीबद्दल लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. १६.५ मिलिमीटर हे १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे रूप आहे. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर असायला हवा. जवळजवळ तीन मिलिमीटरची ही तूट समोरून पाहताना डोळ्यांत खुपते, बाजूने पाहताना मात्र अजिबात जाणवत नाही. १९.३ मिलिमीटरचा रूळ हाताने घालणारे लोक आहेत, परंतु त्यांना प्रत्येक इंजिनाचे आस आणि प्रत्येक सांधा (गाडीचा मार्ग बदलणारे रूळ) नव्याने करावा लागतो. घाट पुरा होईपर्यंत उत्साह टिकवायचा असेल, तर या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी मांडणी डोळ्यांच्या उंचीवर घ्यावी आणि गाड्या प्रेक्षकाकडे तोंड करून येणार नाहीत अशा बेताने रूळ वळवावेत.

आणि गेजचा काटेकोरपणा हवाच असेल तर घाट सोडून बार्शी लाइट रेल्वेकडे या! तिचा पूर्वीचा (आता ती ब्रॉडगेज झाली आहे) ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटर होतो आणि बाजारात सर्रास मिळणारा, एचओहून छोट्या मॉडेलांसाठीचा एन गेजचा रूळ नऊ मिलिमीटरचा असतो. आपल्या मुरतिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेलाही हेच गणित लागू पडते. माथेरानची गाडी मात्र ६१० मिलिमीटरची असल्याने या रुळावर बसत नाही.

मधली लाइन:

सांधेवाले काकांनी चढाचे गणित उत्तम सांगितले. मी बँकरकडे वळतो.

डबे उतरण्याचे कारण बहुधा वजन आहे. एचओसाठी रूढ असलेल्या प्रमाणानुसार डब्याचे वजन एक औंस अधिक दर इंच लांबीमागे अर्धा औंस असावे. एलएचबी डबा १:८७ मध्ये साधारण २७ सेंटिमीटर, म्हणजे साडेदहा इंचांहून थोडा जास्त भरतो. त्याचे वजन १८० ग्रॅमच्या आसपास हवे. एकदा आपले डबे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहावेत. पुष्कळ तयार डबे यापेक्षा हलके असतात आणि मागून रेटा आला की वळणावर बाहेर फेकले जातात. वजन वाढवाल ते खाली, तळाशी चिकटवावे, छताला नव्हे. अर्थात डबे जड झाले की पुढचे इंजिन आणखी दमेल, परंतु मग बँकर ही शोभेची वस्तू न राहता गरजेची होईल.

डीसीसी (एकाच रुळावरील प्रत्येक इंजिन वेगळे चालवता येणारी डिजिटल पद्धत) वापरत असाल तर दोन्ही इंजिनांचा वेग आधी मोकळ्या रुळावर जुळवून घ्यावा (सीव्ही, म्हणजे इंजिनातल्या चिपच्या क्रमांकित सेटिंगपैकी २, ५ आणि ६) आणि मगच दोघांना एकत्र चालवावे. वेग वाढण्या-घटण्याचा अवधी ठरवणारे सीव्ही ३ व ४ दोघांत अगदी सारखे हवेत, कारण पुढचे इंजिन थांबले आणि मागचे क्षणभर रेटतच राहिले की अपघात ठरलेला. बँकर किंचित मंद ठेवणे श्रेयस्कर. त्याने स्वतःचे आणि शेवटच्या दोन-तीन डब्यांचे ओझे सांभाळले तरी पुष्कळ झाले.

आता थोडे मतभेदाचे. माझ्या मते उंची दाखवण्याचा हट्टच सोडावा, कारण घाटाचे वेगळेपण उंचीइतकेच थांब्यांत आहे. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला उभी राहते, दोन-तीन इंजिने मागून सावकाश येऊन टेकतात, शेवटच्या डब्यात बसलेल्याला हलकासा धक्का जाणवतो, ब्रेकच्या नळ्या जोडल्या जातात आणि वडापाववाल्याची शेवटची आरोळी ऐकू येते न येते तोच गाडी मागून ढकलली जाऊ लागते. लोणावळ्याला हीच इंजिने सुटतात आणि एकमेकांना जोडून रिकामी खाली उतरतात. उतरणाऱ्या गाडीसाठी तर वाटेत कॅच सायडिंग, म्हणजे ताबा सुटलेली गाडी अडवणारी बाजूची लाइन, असते, जिचा सांधा एरवी मुख्य मार्गाकडे नसून त्या चढत्या, बंद फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे थांबून सिद्ध झाल्यावरच मुख्य मार्ग मिळतो. एक सांधा, एक सिग्नल आणि काही सेकंदांचा विलंब लावणारे सर्किट एवढ्यात हा सारा खेळ आठ फुटांच्या फळीवर होतो. रंगवताना एकच पथ्य पाळावे: कॅच सायडिंगच्या रुळाचा माथा गंजलेला ठेवावा, कारण त्यावर चाक क्वचितच फिरते, आणि शेजारचा मुख्य रूळ वरून लखलखीत पण कडेने ब्रेकच्या भुकटीने तपकिरी करावा. गाडीच्या दारातून नीट पाहिल्यास हा फरक लगेच लक्षात येतो.

काळही आधीच ठरवून घ्यावा. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवायच घाट चढते, त्यामुळे ती आणली तर आपला आवडता प्रसंग घडणारच नाही.

सांधेवाला:

मधली लाइन यांच्या उंचीच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. कमी जागेत उंची मिळवण्याची युक्ती घाटाच्या इतिहासातच आहे. १८६३ मध्ये भोर घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते. तेथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढे. भिंतीला लागून एकावर एक अशा दोन फळ्या आणि कोपऱ्यात रिव्हर्सिंग स्टेशन, अशी मांडणी या खोलीत चपखल बसेल. वळणेही फारशी लागणार नाहीत. थांबे हवे आहेत ना? मग याहून मोठा थांबा कोणता?

घाटपायथा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डबे काट्यावर ठेवले; एकही १२० ग्रॅमच्या वर गेला नाही, त्यामुळे तिसऱ्या शंकेचे निरसन झाले. रिव्हर्सिंग स्टेशनची कल्पना फार आवडली, परंतु मला खेकडा, म्हणजे घाटातले जुने विजेचे डब्ल्यूसीजी-१ इंजिन, चालवायचा आहे, आणि तो त्या काळात बसतो का?

सांधेवाला:

बसत नाही. नवा मार्ग १९२९ मध्ये सुरू होऊन रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडले आणि विजेची इंजिनेही घाटात त्याच सुमारास आली. रिव्हर्सिंग ठेवायचे तर वाफेची इंजिने घ्यावी लागतील. खेकडाच हवा असेल तर मधली लाइन यांची कर्जतची मांडणी घ्यावी. मात्र बाजारात मिळणारे स्विस क्रोकोडाइल (तशाच दिसणाऱ्या स्विस इंजिनाचे मॉडेल) रंगवून खेकडा म्हणून चालवू नये. त्याला पुढे व मागे चाकांची एकेक छोटी जोडी असते आणि आपल्या खेकड्याला ती नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा उभा आहे. मोजपट्टी घेऊन एक चक्कर मारावी.