धागा: निधीसाठी डोंगरवाटेचे २१ किलोमीटर, कोणाला काय ठाऊक ते टाका

रानवाट
आज चिखलदऱ्याच्या घाटात शाळेची पोरं टाचा आपटत उतरताना दिसली आणि जुनं सगळं आठवलं. या हिवाळ्यात दवाखान्याच्या निधीसाठी आपल्यातले बरेच जण पहिल्यांदाच डोंगरात पळणार आहेत, म्हणून हा धागा.

आधी हिशोब. अंतर २१.१ किमी, पण दर १०० मीटर चढाला १ किमी जास्तीचा धरतात. ६०० मीटर चढ असला तर २७ किमीचं काम. सडकेवर सव्वादोन तास लागत असतील तर इथे तीनच्या वर धरा आणि खाणं-पाणी त्या मापाने सोबत ठेवा. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे, तेवढ्या उंचीवर हवा विरळ झाल्याचं जाणवत नाही. दम लागतो तो चढाने. उभ्या चढावर सरळ चाला, हात मांडीवर दाबून, पावलं लहान. पहिल्या ५ किमीत चालायची लाज धरणारा पंधराव्याला बसतो.

मोडतोड उतारावर होते. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार झेलतो, त्याला बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. पाऊल लांब टाकून टाच रोवली की हा भार आणखी वाढतो. पाऊल अंगाखालीच पडू द्या, जलद आणि छोटं, गुडघा किंचित वाकलेला, हात बाजूला मोकळे, नजर ३-४ मीटर पुढे. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा उतार पळा. शेवटचा जोराचा उतार शर्यतीच्या १०-१२ दिवस आधी, त्यानंतर नाही.

काळीमाती
आमच्याइकडे तं डोंगरच नाई भाऊ. सपाट वावरं. काय करा लागते मंग?

पाटावरचा
पाझर तलावाची पाळ हाये ना गावात? चढा न् उतरा, ८-१० खेपा. रेल्वेचा उड्डाणपूल चालते. रामटेककडचे असान तं गडाच्या पायऱ्या. फक्त पाऊस पडल्यावर काळ्या मातीत जाऊ नका, बुटाले किलोभर चिखल चिकटते न् घोटा मुरगळते.

सागपान
बूट. तळव्यावरचे रबरी खिळे ४-५ मिमी पाहिजेत, सडकेचा गुळगुळीत तळवा ओल्या शेवाळी दगडावर टिकत नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. उतारावर नखं काळी पडतात ती पाय पुढे सरकून. त्याला उपाय लेसचा: सगळ्यात वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकातून त्याच बाजूला फास करायचा, समोरची लेस त्या फासातून ओढायची, मग गाठ. टाच जागची हलत नाही. नखं चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

सुती बनियन घालू नका, घामाने भिजून काखेत सोलतं. तिथे आणि मांडीच्या आत खोबरेल तेल भरपूर.

मोहफूल
कुसळाचं कोणी लिहिलंच नाही. दिवाळीनंतर गवत वाळतं, मोज्यात घुसतं आणि दर पावलाला टोचतं. घोट्यावर कापडी पट्टी बांधा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं झडून वाटेवर थर होतो, खालचा दगड दिसत नाही, तिथे वेग कमीच.

खाजकुयली लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, लव निघते, मग साबण-पाणी.

गृहिणी_अचलपूर
मोहफूलताई, खाजकुयलीचं बरं सांगितलंत. पोरं शाळेत खोड्या म्हणून एकमेकांवर टाकतात, त्यांनाही हेच करायचं का?

मोहफूल
हो. कपडे मात्र वेगळे धुवा. डोळ्यात गेलं तर पाण्याने धुवत राहा आणि लगेच दवाखाना. बिचाऱ्या पोरांना किती आग होते!

जाळरेषा
आयोजकांसाठी. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात शर्यत नाही म्हणजे नाही, बाहेरच्या जंगलवाटेलाही वनखात्याची लेखी परवानगी. जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून जंगलात साफ ठेवलेले पट्टे) धावायला छान मोकळ्या असतात, पण फेब्रुवारीच्या मध्यापासून आगीचा हंगाम, त्याआधी उरका. सुरुवात पूर्ण उजाडल्यावर. पहाटे अस्वलं वाटेवर असतात, मोहाची फुलं पडतात त्या दिवसांत जास्तच.

खुणा: वळणाच्या आधी तीन फिती, वळल्यावर ५० मीटरच्या आत एक, म्हणजे बरोबर आलो हे कळतं. नारिंगी किंवा गुलाबी कापड, प्लास्टिक गुरं खातात. जमिनीवर फक्कीचे बाण, पण दवाने पुसट होतात, सकाळी पुन्हा मारा. आदल्या दिवशी आग्या मोहोळं बघून घ्या. खाली धूर नको, अत्तर लावून कोणी येऊ नका. माश्या उठल्या तर हातवारे न करता तोंड झाकून पळायचं.

प्रत्येक पाणीठिकाणी धावकांचे क्रमांक लिहून घ्या. शेवटच्या धावकामागे एक माणूस चालत यायलाच हवा. रेंज नसते, म्हणून दर ठिकाणी मोटरसायकल, आणि १०८ ची गाडी कुठवर चढते ते आधी चालकाला दाखवा. साप चावला तर चिरा नाही, आवळून बांधणं नाही, पाय हलू न देता ग्रामीण रुग्णालय.

पाटावरचा
पाणी किती ठेवा लागते?

जाळरेषा
दर ४ किमीला. २०० जणांना माणशी पाव लिटर म्हणजे ५० लिटर, डोक्यावर ओतायला धरून २० लिटरच्या ४ कॅन. पेले प्रत्येकाने आपले आणायचे.

वहीखातं
पैशाबद्दल लिहिते, कारण इथेच गावाचा विश्वास तुटतो. प्रवेश शुल्क आणि देणगी दोन वेगळ्या पावत्या, दोन वेगळे हिशोब. शुल्काच्या बदल्यात टी-शर्ट, नाश्ता मिळतो, ती देणगी नव्हे. ८०जी (देणगीवर आयकरात वजावट मिळते ती नोंदणी) असलेली संस्था घ्या. रोखीने २,००० रुपयांच्या वरची देणगी वजावटीत धरत नाहीत, ती बँकेतूनच. पॅन तेव्हाच लिहून घ्या, नाहीतर मे महिन्यात आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण भरताना धावपळ होते आणि देणगीदाराला वजावटीचा दाखला मिळत नाही. वजावट जुन्याच करप्रणालीत आहे हेही आधी सांगा. किलोमीटरला १० रुपये असं कबूल करून घेतलं तर माणशी २१० होतात, शेतमजूरही आनंदाने देतो. खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

संत्राबाग
डिसेंबरात ठेवाल तर आंबिया बहाराची संत्री वरूड-मोर्शीकडून सहज मिळतात. पण फोडीच द्या, सालं वाटेवर नको, वानरं जमतात. ज्याचं पोट आंबटाने बिघडतं त्याला केळं. केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात. भाकर रात्री खा, सकाळी नको, चोथा जड होतो. पोहे अडीच तास आधी.

काळीमाती
नुसतं पाणीच पेलं तं?

सागपान
तहानेपेक्षा जास्त साधं पाणी ढोसलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, पुढे झटकेही येतात. तहान लागेल तेवढंच प्या. १ लिटरला ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा.

गृहिणी_अचलपूर
लिंबू पिळलं तर चालेल? घरी खूप आहेत. शनिवारी दोन पिशव्या आणून देते, कुठे द्यायच्या ते सांगा.

रानवाट
चालेल की ताई. परतवाड्याच्या बसथांब्यावर सकाळी ९ ला माणूस पाठवतो.