ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्याच्या दिवसांबद्दल

'कॅटॅस्ट्रॉफिक', म्हणजे वणव्याच्या धोक्याचा सर्वांत वरचा इशारा आला की काउन्सिल (स्थानिक पालिका) वाचनालयं, बालवाड्या, वृद्धांच्या घरची मदत बंद करून मोकळी होते, अशी तक्रार काहीजण करतात; ती मला पटत नाही. रानातल्या एकेरी रस्त्यावर कर्मचाऱ्याची गाडी अडकली तर त्यालाच सोडवायला माणसं लागतील. २००९च्या 'ब्लॅक सॅटर्डे'च्या वणव्यांत १७३ जीव गेले, त्यानंतर हे नियम कडक झाले.

एक गोष्ट अजून सांगायची आहे. मदतीला जवळचं कुणी नसलेल्या, स्वतःहून बाहेर पडता न येणाऱ्या लोकांची यादी काउन्सिल ठेवते, 'व्हल्नरेबल पर्सन्स रजिस्टर'. स्थलांतराची वेळ आली तर ती पोलिसांनाही बघता येते. आमच्या शेजारच्या आजींकडे मदतनीस येणार नव्हती, तर आदल्या दिवशीच फोन आला: औषधं आहेत का, मुलीकडे जाताय का? तुमच्या ओळखीचं असं कुणी असेल तर उन्हाळ्याआधीच काउन्सिलकडे नक्की चौकशी करा.